व्हीआरमध्ये नुसत्या हातांनी चालणारा इंटरफेस बनवायचाय? सुरुवात चिमटीपासून करा

हातात धरायचा कंट्रोलर न देता नुसत्या हातांनी चालेल असं व्हीआर ॲप बनवायचं असेल तर पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडूच नका. जिथं ते वापरलं जाणारय तिथं जावा आणि लोकांचे हात बघत बसा. आम्ही हे उलटं केलं म्हणून सांगतोय. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही तिघं मिळून एका फौंड्रीसाठी ट्रेनिंगचं ॲप करत होतो, नवीन पोरांना लॅडलमधून (रस ओतायच्या मोठ्या पळीतून) साच्यात लोखंड कसं ओतायचं, कुठं उभं राहायचं, धार मध्येच का तोडायची नाही हे खऱ्या भट्टीजवळ न नेता शिकवायचं, कारण तिथं १३००-१४०० डिग्रीचा रस असतो आणि चुकून शिकायची सोय नसते. ऑफिसात बसून आम्ही नऊ खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे पकड, दोन बोटं म्हणजे मागं जा, अंगठा म्हणजे ओके, तळहात पुढं म्हणजे थांब, नमस्कार म्हणजे सुरुवात, असं बरंच काय काय. सगळ्या आम्हाला पाठ होत्या त्यामुळं डेमो भारी चालायचा.

मग उद्यमनगरात घेऊन गेलो आणि पंचावन्नच्या आसपासच्या एका मोल्डर (साचे बनवणाऱ्या) मामांच्या डोक्यावर हेडसेट चढवला. मामा आमच्याशी बोलत होते आणि बोलताना हात हलवत होते, आपल्याकडं कोण हात न हलवता बोलतं सांगा, तर पाच मिनिटांत ॲप तीनदा मागं गेलं आणि एकदा पार सुरुवातीला गेलं. आणि जी खूण आम्हाला सगळ्यात सोपी वाटत होती, अंगठा आणि तर्जनीची चिमटी, ती त्यांची लागेचना. का लागत नव्हती ते पुढं सांगतो, त्याच्यावर आम्ही अख्खा आठवडा घातलाय. शेवटी नऊच्या तीन खुणा उरल्या आणि त्या तिन्ही त्या माणसांच्या हातात आधीपासून होत्या.

आधी हेडसेटला हात दिसतो कसा ते डोक्यात बसू दे, कारण निम्म्या चुका तिथंच होतात. हेडसेटवर बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात, ते हाताचं चित्र घेतात आणि सॉफ्टवेअर त्याच्यावरून सांध्यांचा सापळा बांधतं. ओपनएक्सआरमध्ये (हेडसेटच्या ॲपसाठीचं सामाईक मानक) एका हाताचे २६ बिंदू मिळतात, वेबएक्सआरमध्ये (ब्राउझरमधल्या व्हीआरसाठीचं मानक) २५, आणि गुगलचं हात ओळखणारं मीडियापाइप लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालवलं तर २१. म्हणजे प्रत्येक बोटाचं प्रत्येक पेर कुठाय आणि कुठल्या दिशेला वळलंय हे तुम्हाला सेकंदाला ३० ते ६० वेळा कळतं. ऐकायला लई भारी वाटतं, पण मेख अशी की कॅमेरा तुमच्या कपाळावर आहे. हाताची पाठ कपाळाकडं असली की बोटं तिच्यामागं झाकली जातात, आणि झाकलेलं बोट सॉफ्टवेअर अंदाजानं काढतं. अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो, पण जेव्हा चुकतो तेव्हा वापरणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि ते सगळ्यात वाईट.

म्हणून कुठलीही खूण ठरवायच्या आधी एक साधी टेस्ट करा. एक डोळा मिटा, खूण करा, मान न हलवता बघा. महत्त्वाची बोटं तुम्हाला स्वतःला दिसत नसतील तर हेडसेटलाही दिसणार नाहीत असं धरून चाला. करंगळीवर अवलंबून असलेल्या खुणा इथंच बाद होतात. नाकासमोर सरळ पुढं रोखलेली तर्जनी पण डळमळते, कारण बोटाचं टोक मुठीच्या मागं जातं. आणि दोन्ही हात एकमेकांवर आले की सगळ्यात जास्त गोंधळ. नमस्कारानं सुरुवात करायची कल्पना आमच्या तिघांची लाडकी होती, आपल्या मातीतली वाटायची, पण तळहात जुळले की एक हात गायब व्हायचा, कधी डावा उजव्याच्या जागी जायचा. दोन दिवस झटलो आणि मग काढून टाकली. वाईट वाटलं, पण जी खूण दहातल्या तीन वेळा चुकते ती कितीही गोड असली तरी कामाची नाही.

आता चिमटी. या विषयात बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण चिमटी नीट समजून घ्या. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्टनं हात दाखवून आणि तोंडानं बोलून पडद्यावरच्या वस्तू हलवल्या होत्या, १९८७ च्या सुमारास व्हीपीएल कंपनीचा बोटांची हालचाल ओळखणारा हातमोजा, डेटाग्लोव्ह आला, २०१३ मध्ये टेबलावर ठेवून हात ओळखणारं लीप मोशन, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स हेडसेटचा एअर टॅप (हवेत बोट टेकवायची खूण), २०१९ च्या डिसेंबरमध्ये मेटाच्या क्वेस्ट हेडसेटवर हात दिसायला लागले, आणि २०२४ मध्ये ॲपल व्हिजन प्रो आला ज्यात डोळ्यानं बघायचं आणि बोटं जुळवायची. इतक्या जणांनी इतक्या तऱ्हा करून बघितल्या आणि आज जवळजवळ सगळे अंगठा-तर्जनीवर येऊन थांबलेत. कारण हवेत बटण दाबलं तर बोटाला काही लागत नाही, पण चिमटीत तुमचंच बोट तुमच्याच बोटाला लागतं, म्हणजे झालं की नाही हे कातडीलाच कळतं आणि त्याला एक रुपयाचं हार्डवेअर लागत नाही. शिवाय सुरू कधी झालं आणि संपलं कधी हे स्वच्छ असतं. मूठ हळूहळू वळते, चिमटी एका क्षणात लागते.

रांगोळी घालणाऱ्या बाईचा हात बघा एकदा. चिमटीत रांगोळी, मनगट टेकलेलं नाही, कोपर अंगाजवळ, आणि अंगठा तर्जनीवर इतका बारीक सरकतो की रेघ जाड-बारीक होते. हे आपल्याकडं घरोघरी येतं. आणि दुसरं म्हणजे पेरं मोजणं. जप करणारी आजी असो नाहीतर हिशेब करणारा दुकानदार, अंगठा पेरावर टेकवत टेकवत मोजतात. क्वेस्टच्या एसडीकेमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या संचात) आता अंगठा तर्जनीवर टेकवायचे आणि सरकवायचे मायक्रोजेश्चर (बारीक खुणा) मिळतात, मेनूत पुढं-मागं जायला वगैरे, आणि मी जेव्हा ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीच आठवली. हात मांडीवर ठेवून होतं, कोपर उचलावं लागत नाही, ज्यांना पेरं मोजायची सवय आहे त्यांना शिकवावंही लागत नाही.

तर चिमटी कशी ओळखायची. सरळ हिशेब, अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक यातलं अंतर बघायचं. पण इथं दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, बोटं चिकटली तरी अंतर शून्य येत नाही, कारण बिंदू बोटाच्या आत धरलेला असतो, त्यामुळं शून्याची वाट बघत बसू नका. दोन, धरायचं आणि सोडायचं अंतर एकच ठेवू नका. समजा २ सेंटीमीटरच्या आत आलं की धरलं आणि २ च्या बाहेर गेलं की सोडलं असं ठेवलं, तर बोटं १.९ आणि २.१ च्या मध्ये थरथरतात आणि वस्तू धर-सोड धर-सोड करत राहते. आम्ही २ ला धरतो आणि ३.५ ला सोडतो. म्हणजे धरायला जवळ यावं लागतं पण सोडायला मनापासून बोटं उघडावी लागतात. आणि सेंटीमीटर सरळ लिहून टाकू नका, हाताच्या मापात लिहा, कारण बारीक हाताच्या पोरीला २ सेंटीमीटर म्हणजे अर्धी उघडी बोटं. मनगटापासून मधल्या बोटाच्या बुडापर्यंतचं अंतर घ्या, त्याच्या २० टक्क्यांना धरा, ३५ ला सोडा, तिथून पुढं आपल्या माणसांवर कमी-जास्त करा. वर कॅमेऱ्याच्या दोन-तीन फ्रेममध्ये सलग तेच दिसलं तरच खरं माना. सेकंदाला ३० च्या वेगानं तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तेवढा उशीर चालतो, त्याहून जास्त केला की हात जड वाटायला लागतो.

लांबच्या वस्तूकडं हातातून निघणारा किरण सोडून चिमटीनं निवडायचं असेल तर आणखी एक त्रास आहे. बोटं जुळताना अख्खा हात थोडा खाली झुकतो, आणि ज्याच्यावर नेम होता त्याच्या शेजारचं निवडलं जातं. याला हायझेनबर्ग इफेक्ट म्हणतात. नेम धरायला हात हलवायचा नाही आणि निवडायला हात हलवल्याशिवाय जमत नाही, असा तो पेच. उपाय सोपा आहे, शेवटच्या पाव सेकंदातल्या किरणाच्या जागा साठवून ठेवायच्या आणि चिमटी लागली की लागायच्या आधीची, साधारण १०० ते १५० मिलिसेकंद मागची जागा खरी धरायची. आणि किरण बोटाच्या टोकातून सोडू नका, खांद्याकडून तर्जनीच्या बुडाकडं जाणारी रेघ घ्या, ती बरीच स्थिर राहते. हात एक अंशानं हलला तर २ मीटरवर साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो, त्यामुळं लांबची बटणं मोठीच हवीत, आम्ही २ मीटरवर १० सेंटीमीटरच्या खाली जात नाही.

आता मामांच्या बोटाकडं येतो. चिमटी त्यांची लागेना म्हणून आम्ही आधी उजेडाला दोष दिला, मग हाताला लागलेल्या काळ्या वाळूला, हात धुवून आले तरी तेच. मग आमच्यातल्या एकानं त्यांचा हात हातात घेऊन बघितला. उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. “प्रेसमधी ग्येलं, लई वर्सं झाली,” म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू त्यात सांगण्यासारखं काही नाहीच. हेडसेटच्या सॉफ्टवेअरला पूर्ण बोट माहीत असतं, ते नसलेलं पेर स्वतःच काढून दाखवत होतं. मामा अंगठा खऱ्या बोटाला टेकवत होते आणि आमचं ॲप अंगठा काल्पनिक टोकाला कधी लागतोय याची वाट बघत होतं. आणि गंमत म्हणजे टेबलावरचा खिळा उचला म्हटलं तर मामांनी अंगठा आणि मधल्या बोटानं उचलला, त्यांच्या हातानं वाट कधीच काढली होती, ती आम्ही बघितली नव्हती.

त्यानंतर दोन बदल केले ते मी आता प्रत्येक कामात करतो आणि तुम्हीही करा. पहिला, चिमटी म्हणजे अंगठा आणि कुठलंही एक बोट, तर्जनी किंवा मधलं, दोन्ही चालतील, वेगळ्या बोटाला वेगळं काम द्यायचंच नाही. दुसरा, सुरुवातीला मोजमाप. पाच वेळा चिमटी करून घ्यायची, प्रत्येक वेळी कमीत कमी अंतर किती आलं ते बघायचं आणि त्या माणसापुरती मर्यादा तिथून ठरवायची. ज्यांच्या हातांनी तीस-पस्तीस वर्षं वाळू ठोकलीय त्यांची बोटं पूर्ण सरळही होत नाहीत आणि पूर्ण मिटतही नाहीत. संधिवात असलेल्यांचंही तसंच. मर्यादा माणसानुसार बदलायला फार तर दिवसाभराचं कोडिंग लागतं, आणि ते केलं नाही तर त्या माणसाला तुमचं ॲप कधीच चालणार नाही.

पण “आता मोजमाप करूया, पाच वेळा बोटं जुळवा” असं सांगितलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो आणि खोटीच चिमटी करतो, नेहमीपेक्षा जोरात. म्हणून ते कामात लपवा. हे आम्हाला हात बघत बसल्यावर सापडलं. मोल्डर वाळूत ओल बरोबर आहे का ते बघायला मूठभर वाळू उचलतो, दाबतो, मूठ उघडतो, गोळा टिकतोय का आणि त्याच्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठलेत का ते बघतो. दिवसातनं कितीतरी वेळा, विचार न करता. आम्ही ॲपचा पहिला प्रसंग तोच केला. समोर वाळूचा ढीग, मूठभर उचला, दाबून बघा, मग साच्याच्या कडेला पडलेले खडे चिमटीनं वेचा. दीड मिनिटात मूठ आणि चिमटी दोन्हींची मापं घेऊन झाली आणि वापरणाऱ्याला वाटलं आपण कामाला लागलो. मामा तर म्हणाले, “ही वाळू कोरडी हाय,” आणि खरंच आम्ही ती कोरड्या वाळूसारखी विस्कटणारी केली होती.

तुमचं काम फौंड्रीचं नसेल तरी हेच शोधा. गुऱ्हाळावर काहिलीतल्या पाकाचा थेंब बोटात धरून तार बघतात, सराफ कट्ट्यावर साजाचा मणी दोन बोटांत धरून उजेडाला फिरवतात, कपडेवाला पोत बघायला कापड अंगठ्याखाली घासतो. प्रत्येक धंद्यात हाताची अशी एक तरी सवय असते.

चुकून लागणाऱ्या खुणांचं बघू. डोळ्यानं चालणाऱ्या इंटरफेसबद्दल रॉबर्ट जेकबनं १९९० मध्ये याला मायडास टच म्हटलं होतं, जिथं बघाल ते निवडलं जातं, त्या हात लावेल ते सोनं करणाऱ्या राजासारखं. हातांचं तसंच होतं. माणूस नाक खाजवतो, चष्मा सारखा करतो, शेजाऱ्याला हाक मारतो. त्यामुळं एकट्या खुणेवर कधीच काही करू नका, जोडीला दुसरी अट ठेवा. नजर किंवा डोकं त्या वस्तूकडं आहे का, हात वस्तूच्या जवळ आहे का, हात समोरच्या कामाच्या पट्ट्यात आहे का. आम्ही मागं जा, बंद करा, थांबा या सगळ्याच्या खुणा काढून टाकल्या आणि डाव्या मनगटावर एक बटण ठेवलं. घड्याळ बघायला मनगट वळवतो तसं वळवलं की बटण दिसतं, उजव्या बोटानं दाबायचं. होलोलेन्सच्या पहिल्या आवृत्तीत मेनूसाठी बोटं मिटून फुलासारखी उघडायची खूण होती, दुसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी मनगटावरचं बटणच आलं. आणि क्वेस्टवर तळहात स्वतःकडं करून चिमटी धरणं ही सिस्टिमच्या मेनूसाठी राखलेली खूण आहे, तिच्या आसपास जाऊ नका, नाहीतर तुमचं ॲप चालू असताना मध्येच मेनू उघडत राहील.

हात दुखणं हा विषय लोक शेवटी बघतात, तो आधी बघा. खांद्याच्या उंचीवर हात समोर धरून घड्याळ लावा, दोन मिनिटांत खांदा भरून येतो. उभ्या टचस्क्रीनच्या जमान्यापासून याला गोरिला आर्म म्हणतात. आता घरात भाकरी थापताना बघा, कोपरं बरगडीजवळ, हात पोटाच्या उंचीवर, आणि वीस-पंचवीस भाकऱ्या सलग होतात. तुमचा इंटरफेस त्या उंचीवर हवा. हातानं लावायच्या गोष्टी डोळ्याच्या रेषेच्या बऱ्याच खाली, छाती आणि बेंबीच्या मध्ये, शरीरापासून ४५ ते ५५ सेंटीमीटरवर, आणि पाटीसारख्या थोड्या तिरक्या. फार खाली पण नेऊ नका कारण मांडीवरचा हात काही हेडसेटच्या कॅमेऱ्यांना नीट दिसत नाही. वर हात न्यावा लागलाच तर पाच-सात सेकंदांपुरता. आणि माणसाची उंची सुरू करतानाच घ्या, बसून वापरणारा आणि उभा राहून वापरणारा यांना एकच जागा देऊ नका.

हवेतलं बटण दाबताना बोट आरपार जातं, हे तर होणारच. त्यामुळं डोळ्याला आणि कानाला जास्त सांगावं लागतं. बोट जवळ येताना बटणावर एक गोल दिसू दे जो लहान लहान होत जाईल, टेकलं की बटण बोटाबरोबर आत जाऊ दे, एक-दीड सेंटीमीटर, तळाला लागलं की ठोस आवाज, आणि काम मात्र बोट बाहेर येताना किंवा तळाला, दोन्हीपैकी एकच काय ते ठरवा आणि सगळीकडं तेच ठेवा. बटण ४ सेंटीमीटरच्या खाली नको, दोन बटणांत बोटभर जागा हवीच. दिसणारा हात बटणाच्या आरपार दाखवू नका, खरा हात कितीही पुढं गेला तरी दिसणारा हात पृष्ठभागावर थांबवा, डोळा ते सहज मानतो.

पकडीबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगायचीय. हात दिसेनासा झाला म्हणजे माणसानं वस्तू सोडली असं समजू नका. आमच्या पहिल्या आवृत्तीत लॅडल दोन हातांनी धरून वळवताना पुढचा हात मागच्या हाताला झाकायचा, ट्रॅकिंग जायचं, आणि भरलेली लॅडल खाली पडायची. एक विशीतला पोरगा ते बघून खराच मागं उडाला आणि टेबलावर आपटला. त्यादिवशी मी खूप घाबरलो. तेव्हापासून नियम असा की सोडणं म्हणजे बोटं उघडताना स्पष्ट दिसणं. हात दिसेनासा झाला तर शेवटची पकड एक सेकंद तशीच धरून ठेवा, दिसणारा हात थोडा फिका करा म्हणजे माणूस आपोआप हात समोर आणतो, आणि त्यानंतरही हात आला नाही तर वस्तू पाडू नका, जागच्या जागी थांबवा. आणि टेबल-खुर्च्या लांब सरकवा, हे पण डिझाइनमध्येच धरा.

भाषेचं राहिलं. “पिंच करा”, “ग्रॅब करा”, “पाम वर करा” असं आवाजात रेकॉर्ड केलं होतं, निम्मे लोक थांबून आमच्याकडं बघायचे. “चिमटीत धरा”, “मुठीत घ्या”, “घड्याळ बघा” केलं आणि समजावायची गरजच संपली. हे शब्द ऐकले की हात आपोआप तसा होतो, कारण लहानपणापासून चिमटीत मीठ आणि मुठीत दाणे घेतलेले असतात. सोबत समोर एक अर्धपारदर्शक हात तेच करून दाखवू दे, माणसानं केलं की तो नाहीसा. एका वेळी एकच खूण शिकवा, आणि ती लागलीच तिच्या खऱ्या कामात वापरायला द्या. मजकुराच्या पाट्या नकोत, हेडसेटमध्ये कोण वाचत नाही.

बनवायला सुरुवात करताना हेडसेट नसला तरी चालतं. पहिल्यांदा पुठ्ठ्याची बटणं दोरीला टांगा, एकानं वापरायचं आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून तोंडानं “झालं”, “उघडलं” सांगायचं. अर्ध्या तासात कळतं कुठली खूण नको. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मीडियापाइप लावून चिमटीच्या मर्यादा चाळवून बघा. मग हेडसेटच्या ब्राउझरमध्ये ए-फ्रेम (वेबपानात व्हीआर बनवायची लायब्ररी), त्यात हात दिसणं आणि चिमटी सुरू-बंद झाल्याचे इव्हेंट तयार मिळतात, फक्त पान एचटीटीपीएसवर लागतं. यातनं टिकेल ते युनिटी किंवा गोडो या गेम इंजिनात न्या.

उजेडाचं पण बघा. अंधारात कॅमेऱ्याला हात दिसत नाही, आणि भर उन्हात पण घोळ होतो, वर डोळ्याकडच्या लेन्सवर थेट ऊन पडलं तर भिंगासारखं होऊन आतला पडदा जळतो, त्यामुळं हेडसेट खिडकीत उलटा ठेवू नका. ट्यूबलाइटखाली हात थरथरत दिसत असतील तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करून बघा, आपली वीज ५० ची आहे. कामाचे चामडी हातमोजे घालून ट्रॅकिंगवर विसंबू नका. बांगड्या, अंगठ्या, मेंदी, लांब बाह्या, हे सगळं असलेल्या हातांवर मुद्दाम टेस्ट करा.

टेस्टला सहा माणसं पुरतात पण ती तुमच्यासारखी नकोत. एक डावखुरा, एक वयस्कर, एक बारीक हाताची, एक ज्यानं हेडसेट कधी बघितलाच नाही असा. तोंड बंद ठेवून बघा, मदत करायची उबळ आली की हात खिशात घाला. तीन गोष्टी वहीत लिहा: पहिल्या प्रयत्नात किती वेळा जमलं, दहा मिनिटांत किती वेळा नको असताना काही झालं, आणि कितव्या मिनिटाला त्यानं हात खाली सोडून झटकला. तिसरी गोष्ट माणूस विचारलं तर सांगत नाही, “काय नाही, बरं वाटलं” म्हणतो, ती बघूनच कळते. मर्यादांचे सगळे आकडे एका फाइलीत ठेवा म्हणजे तिथं उभ्या उभ्या बदलता येतात, प्रत्येक वेळी बिल्ड करायला ऑफिसात पळावं लागत नाही.

मामांच्या मापांची फाइल आमच्याकडं अजून तशीच आहे. नवीन आवृत्ती झाली की पहिल्यांदा ती लावतो, मधल्या बोटानं पाच खडे उचलून बघतो, आणि पाचही उचलले गेले तरच पुढच्या माणसाला हेडसेट देतो.